त्यांचा जनरल

आमच्या घरात दुसरं महायुद्ध दोन भावांनी दोन तऱ्हांनी सांगितलं, आणि दोघांच्याही सांगण्यात जर्मन नावालाच होते. तात्या, म्हणजे माझे आजोबा, मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. त्यांचे धाकटे भाऊ आबा दुसरीत, जिला फौजेत ‘काली पंचवीन’ म्हणत. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून त्या काळी घरटी एक माणूस फौजेत असायचा. आमच्या घरातून दोन गेले, कारण जमीन एकालासुद्धा पुरेल एवढी नव्हती.

१९४१ च्या मार्चमध्ये दोघेही एकाच लढाईत होते, एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना, आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. लढाई केरनची. एरित्रिया ही तेव्हा इटलीची वसाहत, १८९० पासूनची. सुदानकडच्या तापलेल्या सपाट मुलखातून वर अस्माराच्या पठारावर जायचं तर धड वाट एकच. अगोर्दातहून येणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही डोंगोलास नावाच्या अरुंद खिंडीतून चढतात, आणि खिंड संपते तिथं केरन. खिंडीच्या डाव्या हाताला सांचिलचा डोंगर, उजव्या हाताला डोलोगोरोडॉकचा किल्ला. आंबेनळी घाटाच्या दोन्ही कड्यांवर तोफा लावून कुणी बसावं आणि आपल्याला पोलादपुराहून पायी वर यायला सांगावं, असा तो प्रकार. फक्त तिथं झाड नाही, पाणी नाही आणि दगडाला हात लावला की चटका बसतो. इटलीवाल्यांनी खिंडीचे कडे सुरुंग लावून रस्त्यावर पाडून ठेवले होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिश-हिंदी फौज पायथ्याशी पोचली आणि मार्चचा शेवट येईस्तोवर तिथंच अडकली.

तात्यांच्या तोंडी यातली एकही तारीख नसायची. त्यांचं पंचांग वेगळं होतं. “शिमगा झाला आन् दोन दिसांनी आमी डोंगराला लागलो,” असं ते सांगत. मी पुढे ताडून पाहिलं. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा १३ मार्चला होती, मोठा हल्ला १५ मार्चला झाला. रात्री चढताना चांदणं होतं, असं ते म्हणायचे, तेही बरोबर. दोनेक दिवसांचा उतरता चंद्र म्हणजे चांगलाच उजेड. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर आपण उगाच शंका घेतो, पण सणांच्या बाबतीत ती सहसा चुकत नाही.

त्यांच्या गोष्टीचा नायक मात्र आपल्या बाजूचा कुणी नव्हता. तो ‘त्येंचा जरनल’ होता.

“किल्ला आपुन घेतला. आन् मंग त्ये परत घ्यायला आले. एकदा न्हाई, धा-धा डाव. लाल टोप्यावालं काळं शिपाय, आन् त्येंच्या म्होरं त्येंचा जरनल. पांढऱ्या केसाचा. हातात निस्ती छडी. गोळ्या वाजत्यात आन् ह्यो चालतोय, जनू शेताच्या बांधावनं.”

मग आम्ही पोरं विचारायचो, आपला जनरल कुठं होता? तात्या तंबाखू मळत म्हणायचे, “मागं. तंबूत. नकाशा बगत.” आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, “म्हनूनच जित्ता ऱ्हायला त्यो!” आणि गोष्ट पुढं सरकायची. पुढं म्हणजे, तो जनरल पडला. कशानं पडला ते दरवेळी बदलायचं: कधी तोफेचा गोळा, कधी बंदुकीची गोळी. पडल्यावर त्याच्या शिपायांनी जो आक्रोश केला तो मात्र कधी बदलला नाही. रंगपंचमीच्या आगंमागं, असं ते म्हणत.

नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही. मी कॉलेजात इतिहास वाचायला लागलो तेव्हा ते सापडलं: ओर्लांदो लॉरेंझिनी. केरनच्या बचावाचा प्रमुख तो नव्हे. प्रमुख होता निकोला कार्निमेओ, त्याच्या वर उत्तर आघाडीचा लुइजी फ्रुशी, आणि सगळ्यांच्या वर व्हाइसरॉय आमेदेओ, आओस्ताचा ड्यूक, इटलीच्या राजघराण्यातला. लॉरेंझिनी या उतरंडीत बराच खाली. त्याच्याकडे एक वसाहती ब्रिगेड होती. पण इटलीत केरन म्हटलं की लोक नाव घेतात ते त्याचंच.

१८९० साली टस्कनीत जन्मलेला हा माणूस आयुष्याची उमेदीची वर्षं आफ्रिकेतच राहिला. लिबियातल्या वाळवंटी मोहिमांत त्याचं नाव झालं आणि ‘सहाराचा सिंह’ ही पदवी त्याला तिथंच चिकटली. या पदव्या कशा मिळतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता असंही म्हणत नाही. विशीत सिंह आवडतातच. लिबियातली ती वर्षं इटालियन जनरल ग्रात्सियानीची. सायरेनेकातली हजारो माणसं, गुरंढोरांसकट, काटेरी तारांच्या छावण्यांत कोंबली गेली, आणि तिथल्या बंडाचा सत्तरीतला नेता ओमर मुख्तार याला १६ सप्टेंबर १९३१ रोजी छावणीतल्या लोकांसमोर फाशी दिलं गेलं. लॉरेंझिनी त्या राजवटीचा शिपाई होता, तिथल्या वाळवंटी तुकड्यांचा अधिकारी म्हणून वर चढत गेलेला. मग इथिओपिया. मग युद्ध.

ऑगस्ट १९४० मध्ये इटलीनं ब्रिटिश सोमालीलँडवर चढाई केली तेव्हा तो कर्नल होता आणि दुसरी वसाहती ब्रिगेड त्याच्या हाताखाली होती. तुग अर्गान नावाच्या टेकड्यांच्या पट्ट्यात ११ ते १५ ऑगस्ट असे पाच दिवस लढाई झाली, ब्रिटिश मागे हटले आणि बर्बेराच्या बंदरातून जहाजांवर चढून एडनला गेले. सगळ्या युद्धात इटलीनं जर्मनांच्या मदतीशिवाय ब्रिटिशांकडून मुलूख जिंकला असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. त्यातला हा सर्वांत मोठा. त्याची फळं सात महिनेसुद्धा टिकली नाहीत, पण लॉरेंझिनी तोवर जनरल झाला होता. जानेवारी १९४१ मध्ये अगोर्दातला त्याच्या ब्रिगेडला मार खावा लागला, आणि उरलेली माणसं घेऊन तो केरनच्या डोंगरात आला.

केरनचे पहिले आठवडे कंटाळवाणे आणि भयंकर, दोन्ही होते. वर चढायचं, थोडी जागा मिळवायची, ती हातून जायची. सांचिलच्या अंगावर कॅमेरॉन हायलँडर्सनी एक धार धरून ठेवली, पण तिथं पाणी, दारूगोळा, भाकरी वर न्यायला आणि जखमी खाली आणायला लढणाऱ्यातलाच चौथा हिस्सा खर्ची पडे. उजवीकडे अॅक्वा कोलपाशी राजपुताना रायफल्सचा सुभेदार रिछपाल राम ७ फेब्रुवारीच्या रात्री मूठभर लोकांनिशी शत्रूच्या मोर्च्यात घुसला, सहा उलटे हल्ले परतवले, गोळ्या संपल्यावर लढत परत आला आणि चारपाच दिवसांनी पुन्हा त्याच जागी चढताना मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग ब्रिटिश-हिंदी फौजेचा सेनापती जनरल प्लॅट यानं एक महिना थांबून दुसरी, म्हणजे पाचवी हिंदी डिव्हिजनही आणली. या लढाईत जो जास्त वेळ टिकेल तो जिंकेल, असं त्यानं आपल्या अधिकाऱ्यांना हल्ल्याआधी सांगितलं होतं. यात युद्धशास्त्र काही नाही, पण खोटंही काही नाही.

१५ मार्चला सकाळी आबांची बटालियन डावीकडच्या फ्लॅट टॉप नावाच्या टेकडीवर चढली आणि तिनं ती घेतली. किती पडले, हे आबा सांगत नसत. “आमच्या सेक्शनात परत हजेरी घ्यायला नाईकच ऱ्हायला न्हवता,” एवढंच एकदा म्हणाले. उजवीकडे भर उन्हात हायलँड लाइट इन्फंट्री किल्ल्याच्या रोखानं निघाली ती उघड्या उतारावर अडकून पडली. सांचिलवरून त्यांची पाठ दिसत होती. दिवसभर ते लोक उन्हात दगडाआड पडून राहिले.

म्हणून रात्री तिसऱ्या मराठाला सोडलं. किल्ल्याच्या पुढं एक सुळका होता, त्याला नाव दिलं होतं पिनॅकल. तो घेतल्याशिवाय किल्ला नाही. लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड हा बटालियनचा कमांडर. तात्यांच्या बोलण्यात ज्या गोऱ्याला ‘सायब’ लावलं जाई तो हा एकटाच. पलटणीची परंपरा असं सांगते की ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना, जी आज बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरात प्रत्येक रंगरुटाच्या गळ्यात बसवतात, ती रणगर्जना म्हणून केरनच्या या डोंगरांवरच पहिल्यांदा घुमली. तात्यांना विचारलं तर ते म्हणायचे, चढताना ओरडायला श्वास कुणाला होता? वरच्या दहा-पंधरा हातांत ओरडलो असू. मला त्यांचं म्हणणं परंपरेपेक्षा जास्त पटतं आणि परंपरेला त्यानं धक्काही लागत नाही.

पिनॅकल मराठ्यांनी घेतला. शेजारचा पिंपल फ्रंटियर फोर्सच्या बटालियननं घेतला. पहाटे वेस्ट यॉर्कशायरवाले मागच्या चिंचोळ्या धारेवरून किल्ल्यात शिरले आणि १६ तारखेचा सूर्य वर यायच्या आत डोलोगोरोडॉक पडला. तात्या त्याला शेवटपर्यंत ‘डोलग्या’ म्हणत, जणू गावचा कुणी वांड बैल.

किल्ल्याची गढी काही मोठी नव्हती, पण तिथून खिंडीतला अडथळा, रेल्वेचा बोगदा, केरनकडची वाट, सगळं खाली उघडं पडत होतं. इटलीवाल्यांनाही हे कळत होतं. पुढच्या आठवडाभरात त्यांनी किल्ला परत घ्यायला एकामागून एक हल्ले केले. इतिहासकार सात म्हणतात, काही आठ. त्यातल्या एका हल्ल्यात, १७ मार्चच्या सुमारास, ओर्लांदो लॉरेंझिनी आपल्या अस्कारींच्या, म्हणजे वसाहती शिपायांच्या, सोबत असताना मारला गेला. पंचांग उघडलं तर फाल्गुन वद्य पंचमीही त्याच सुमारास येते. रंगपंचमी.

तात्यांनी त्याला खरंच पाहिलं का? किल्ल्यात होते वेस्ट यॉर्कशायरवाले. मराठे पिनॅकलच्या आणि आजूबाजूच्या धारांवर. अंतर थोडं, पण धूर, धूळ आणि दोन्ही बाजूंचा मारा यांत अमुक माणूस जनरल आहे हे ओळखणं कठीण. छडी तर मला मुळीच खरी वाटत नाही; ती छडी ब्रिटिश अधिकाऱ्याची असते आणि तात्यांनी आयुष्यभर पाहिली ती तीच. माझा अंदाज असा की जनरल पडल्याची बातमी कैद झालेल्या अस्कारींकडून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पसरली आणि तात्यांनी तिला पाय दिले, केस दिले, हातात छडी दिली. मग हा परका जनरल त्यांना आवडला का? शत्रूच्या सेनापतीची स्तुती करताना ते आपल्या बाजूच्या, तंबूतल्या, नकाशा बघणाऱ्या साहेबांबद्दल बोलत होते. ब्रिटिश साहेबाला तोंडावर बोलायची सोय नव्हती. फौजेतून घरी आल्यावरही ती सवय गेली नाही. पेन्शन त्याच सरकारची, मग स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारची, पण धाक तोच. इटलीचा जनरल पेन्शन अडवू शकत नव्हता.

लाल टोप्यावाल्यांबद्दल मात्र मला तात्यांकडून आणखी ऐकायला हवं होतं. ते अस्कारी. उंच लाल फेज टोपी, कमरेला बटालियनच्या रंगाचा पट्टा, पायांत चपला किंवा काहीच नाही. बरेचसे एरित्रियाच्याच डोंगरातले, काही कॉप्टिक ख्रिस्ती, काही मुसलमान. दोन-दोन पिढ्या इटलीची नोकरी केलेले. मुन्ताझ, बुलुकबाशी, शुंबाशी अशी त्यांची पदं चढत जात, आणि शुंबाशीच्या वर वाट बंद: पुढचा सगळा जिना गोऱ्यांचा. आमच्याकडं नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर. त्याच्या पुढं, बहुतेकांसाठी, असाच बंद दरवाजा. डोलोगोरोडॉकच्या उतारावर दोन साम्राज्यांनी एकमेकांवर सोडली ती मुख्यतः शेतकऱ्यांची पोरं होती, आणि त्यांना आपसात भांडायला एक बांधसुद्धा सामाईक नव्हता. ब्रिटिश विमानं अस्कारींवर इथिओपियाच्या सम्राटाच्या, हैले सेलासीच्या नावाची पत्रकं टाकत होती: सोडा इटलीवाल्यांना, आपल्या सम्राटाकडे या. बरेच गेलेही. पण लॉरेंझिनीचे लोक त्याच्याबरोबर टिकले, असं सांगतात. याचं कारण प्रेम, की सवय, की पगार, की हरलो तर नव्या राजाच्या राज्यात आपलं काय होईल याची धास्ती? मला वाटतं, सगळंच थोडं थोडं. तात्यांना विचारलं होतं, तुम्ही का नाही सोडून आलात? ते म्हणाले, “जानार कुटं? वाटंत समुद्र हाय.”

या मोहिमेतला आणखी एक इटालियन इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी त्याचा तात्यांशी संबंध नाही. केरनच्या आधी, २१ जानेवारीला, केरूजवळ आमेदेओ गिलेत नावाच्या घोडदळाच्या तरण्या लेफ्टनंटनं आपले एरित्रियन स्वार घेऊन ब्रिटिश-हिंदी फौजेच्या ‘गझेल फोर्स’ या तुकडीवर, थेट तोफांवर घोडे घातले. मारले गेले बरेच, पण इटलीच्या पायदळाला मागे सरकायला वेळ मिळाला. एरित्रिया पडल्यावरही तो शरण गेला नाही. महिनोन्महिने डोंगरात छापे घालत राहिला, मग अरब वेषात येमेनला निसटला. आणि सत्तरच्या दशकात हाच माणूस इटलीचा राजदूत म्हणून दिल्लीला आला. ज्या तुकडीत हिंदी स्वार आणि शीख पायदळ होतं, तिच्यावर घोडे घातलेला माणूस दिल्लीत पाहुण्यांचं स्वागत करत होता. २०१० मध्ये तो रोममध्ये वारला, वय १०१.

केरनचा शेवट तात्यांनी पाहिला नाही. २५ मार्चच्या पहाटे शेवटचा हल्ला झाला. एक ब्रिगेड रेल्वेच्या बोगद्यातून बाहेर पडली, जिकडून कुणी येईल अशी शत्रूला कल्पना नव्हती. सॅपर्सनी कोसळलेले कडे फोडून वाट केली आणि २७ ला रणगाडे गावात शिरले. त्या दिवशी अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, तो तात्यांनी मांडीत गोळी घेऊन जखमींच्या तंबूत काढला. ब्रिटिश-हिंदी बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीन हजारांच्या वर गेले. इटलीच्या बाजूचे मेलेलेच तीन हजारांच्या घरात सांगतात, आणि त्यात अस्कारी किती धरलेत, हा प्रश्न उरतोच. पाच दिवसांत अस्मारा, ८ एप्रिलला मासावा बंदर. ड्यूक ऑफ आओस्ता मे महिन्यात अंबा अलागीच्या डोंगरावर शरण आला आणि पुढच्या मार्चमध्ये नैरोबीत युद्धकैदी म्हणून आजारानं मेला.

लॉरेंझिनीला मरणोत्तर सुवर्णपदक दिलं गेलं, इटलीचं सर्वोच्च शौर्यपदक. केरनच्या इटालियन दफनभूमीत तो आपल्या अस्कारींबरोबर आहे. त्याच गावात ब्रिटिश युद्ध-स्मशानाच्या आवारात एक वेगळं स्मारक आहे, ज्यांचं दहन झालं त्या हिंदू आणि शीख शिपायांचं. त्यांची नुसती नावं.

आता आबांचं. आबा केरनहून धडधाकट निघाले आणि पुढच्या वर्षी, २१ जून १९४२ ला, तोब्रुकला सापडले. जर्मन सेनापती रोमेलनं तोब्रुक घेतलं तेव्हा त्यांची अख्खी बटालियनच कैद झाली. जर्मनांनी पकडलेले कैदी इटलीच्या ताब्यात जात. जहाजानं त्यांना इटलीत नेलं आणि आब्रुत्सोच्या डोंगरातल्या आवेत्झानोच्या छावणीत टाकलं. हिंदी कैद्यांची ती मोठी छावणी. थोरल्यानं ज्यांच्याशी लढाई जिंकली त्यांच्याच देशात धाकटा कैदी.

त्यांच्या सांगण्यात एकही जनरल नव्हता. त्यांच्या सांगण्यात भूक होती, ऊन नसलेला हिवाळा होता, आणि मग १९४३ चा सप्टेंबर, जेव्हा एका रात्रीत इटलीनं पक्ष बदलला आणि छावणीचे पहारेकरी निघून गेले. जर्मन यायच्या आत पुष्कळ कैदी डोंगरात पळाले, आबाही. एका मेंढपाळ कुटुंबानं त्यांना गोठ्यावरच्या माळ्यात ठेवलं. घरातली म्हातारी मक्याचं पीठ शिजवून द्यायची आणि आबा मटण खात नाहीत असं समजून काळजीत पडायची, कारण तिनं कुठंतरी ऐकलं होतं की हिंदू काहीच खात नाहीत. “मी म्हनलं, आये, घाल. पर भाषा कुटं यायची!” म्हातारीचा थोरला मुलगा आफ्रिकेत होता आणि त्याचं पत्र येत नव्हतं. आबांना ते पुरेसं कळलं होतं. सांगावं काय, हे कळलं नव्हतं.

जर्मनांनी कैद्यांना आसरा देणाऱ्यांची घरं जाळली, माणसं गोळ्या घालून मारली, हे आब्रुत्सोत सगळ्यांना माहीत होतं. तरी ठेवून घेतलं. त्या हिवाळ्यात आठवी हिंदी डिव्हिजन सांग्रो नदी ओलांडून वर येत होती आणि तिच्यात पहिली मराठा होती. बर्फात, रात्री, दोन रांगांच्या मधून आबा एका नाल्यात उतरले तेव्हा पुढून कुणीतरी अस्सल कराडकडची शिवी हासडली. आबांना ती ओवीसारखी वाटली असणार. हात वर करून ते एवढंच ओरडले की मारू नका, मी देशावरचा हाय.

तात्यांची तिसरी बटालियनही पुढे इटलीत लढली, पण तात्या बेळगावात लंगडत कारकुनी करत होते. त्या बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे याला, माणगावच्या पळसगावचा हा मुलगा, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेताना मरण आलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावानं त्याच्या नावानं एक सूर्यघटिका उभारली. आबांनी हे पाहिलं असतं तर म्हातारीच्या मुलाचं काय झालं, हेच आधी विचारलं असतं, असा माझा अंदाज.

राहिलं ते झेरेत. २००६ मध्ये मातेओ दोमिनिओनी या इटालियन इतिहासकारानं लष्करी दप्तरांतल्या कागदांचा माग काढत इथिओपियाच्या उत्तर शोआ भागातली झेरेतची गुहा शोधली. एप्रिल १९३९ मध्ये आबेबे अरेगाईच्या बंडखोरांपैकी पुष्कळ जण जखमी माणसं, बायका, मुलं यांच्यासह त्या गुहेत लपले होते. इटलीच्या फौजेनं तोंडाशी वेढा घातला, आत मस्टर्ड गॅस सोडला, विषारी गोळे मारले. काही दिवसांनी लोक बाहेर आले. त्यातल्या पुरुषांना कड्याच्या टोकाला उभं करून मशीनगननं मारलं, शेकड्यांनी. गुहेत हाडं आणि मडकी अजून होती. या फौजेचा प्रमुख होता कर्नल ओर्लांदो लॉरेंझिनी.

विषारी वायू वापरलाच नाही, असं इटलीचं सरकार १९९६ पर्यंत म्हणत होतं. तेव्हा कुठं संरक्षणमंत्र्यानं कबूल केलं. त्यामुळं इतकी वर्षं या जनरलची गोष्ट टस्कनीत आणि आमच्या गावात जवळपास सारखीच सांगितली जात होती, यात नवल नाही. तिथल्यांना ती हवी होती. आमच्याकडं मात्र ती कुणी मुद्दाम पेरली नव्हती. तात्यांनी तिला आपल्याच कारणासाठी जपलं.

मी ते वाचलं तेव्हा आबा नव्हते, तात्या पंच्याऐंशीच्या आसपास होते आणि कान एकच चालत होता. सांगू नये असं घरातल्यांचं मत पडलं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “गुहंम्होरं बंदुका कुनाच्या हातात हुत्या? त्येच ना, लाल टोप्यावालं?”

होय, वसाहती बटालियनच होत्या.

“मंग मी ज्येंच्यावर गोळ्या घातल्या त्यातलंच हुतं काय त्ये?”

असू शकतील, म्हणालो. मला नक्की सांगता येत नव्हतं. त्यांनी बराच वेळ हिशोब केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “आमच्या सायबांचं बी बगून ठेव एकदा. त्येंनी बी कुटंतरी गुहा ठेवली आसंल.”

पुढच्या दिवाळीत माझी पुतणी त्यांच्या मांडीशी बसून लढाई ऐकत होती. शिमगा झाला, चांदणं पडलं, सुळका चढले, डोलग्या घेतला, लाल टोप्यावाले आले. जनरल आला, पण पुढं नव्हता. या खेपेला तो रांगेच्या मधोमध चालत होता आणि छडीही नव्हती.

आजीनं दारातून ऐकलं. “आता आनि दोन वर्सं जगलात तर त्याला तंबूत नेऊन बसवाल,” म्हणाली, आणि चकल्यांचा घाणा काढायला आत गेली.